आधी कोणी काय म्हटलंय

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत नव्याने राहायला आलेला माणूस एकदा तरी फसतोच. रात्री पोराला ताप चढतो, तो शेजाऱ्याला विचारतो, "इथे जवळपास डॉक्टर आहेत का कोणी?" आणि शेजारी, बहुधा मुद्दामच, त्याला आमच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घराकडे बोट दाखवतो. दार उघडतं. चष्मा कपाळावर चढवलेले, बोटांना पिवळ्या मार्करची शाई लागलेले एक गृहस्थ बाहेर येतात, पोराच्या कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, "ताप आहे खरा. पण मी त्यातला डॉक्टर नाही. आणि ज्यातला आहे, त्यातला अजून व्हायचाय."

या व्हायच्या गोष्टीला इतका काळ लोटला, की गल्लीने वाट बघणं सोडून पदवी आपल्या अधिकारात देऊन टाकली. दूधवाला डॉक्टरसाहेब म्हणतो, भाजीवाली डॉक्टरसाहेब म्हणते, आणि त्यांचे सासरे आप्पाजी तर चिडले की आवर्जून म्हणतात.

डॉक्टरसाहेबांचा विषय आहे छत्तीसगडातल्या मराठी माणसांचं स्थलांतर. विषय बावनकशी आहे आणि चरोद्यात बसून करावा असाच आहे. इथे सगळे कॉलनीला बीएमवाय म्हणतात, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. पलीकडे पोलादाचा कारखाना, ज्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या धगीला आणि या रुळांना धरून नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडची कितीतरी घरं इकडे आली आणि इथलीच झाली. आमच्या गल्लीत आजही एका घरातून "काय करून राहिली वं?" ऐकू येतं आणि शेजारच्या घरातून "का करत हस?" दोन्ही आवाजांना उत्तर एकच येतं: चहा ठेवलाय.

तर विषय उत्तम, माणूस हुशार, खोली स्वतंत्र. अडलंय फक्त दुसऱ्या प्रकरणाशी. संबंधित साहित्याचा आढावा. पीएच.डी. करणारी पोरं ज्याला नुसतं "लिटरेचर रिव्ह्यू" म्हणतात आणि चार-सहा महिन्यांत, नाक धरून औषध घ्यावं तसं, उरकून टाकतात. डॉक्टरसाहेब त्यात राहायला गेले आहेत.

त्यांचं एक आवडतं वाक्य आहे: "ते ठीक आहे हो, पण यावर आधी कोणी काय म्हटलंय ते बघायला नको का?" संशोधनात हे वाक्य सोन्याचं. पण डॉक्टरसाहेब ते घरातही वापरतात. मध्यंतरी मे महिन्यात त्यांच्याकडचा कूलर बंद पडला. चरोद्यातला मे म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. नळाचं पाणीसुद्धा चहासाठी निम्मं तापवून मिळतं. वहिनी म्हणाल्या, नवा कूलर आणू. डॉक्टरसाहेबांनी वही उघडली. लाकडी कीस बरा की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, टाकी किती लिटरची, पंप कोणता जळतो. कोणी काय म्हटलंय याचा तक्ता तयार झाला. मग लक्षात आलं की दोन मतांमध्ये विरोध आहे. विरोध मिटवायला आणखी वाचन. वहिनींनी आठवडाभर ओला टॉवेल डोक्यावर ठेवून वाट बघितली, मग आप्पाजींना घेऊन ऑटोने भिलाईतल्या पॉवर हाउसच्या बाजारात गेल्या आणि अर्ध्या तासात कूलर घेऊन आल्या. डॉक्टरसाहेब त्याच कूलरच्या वाऱ्यात बसून मला खेदाने म्हणाले, "हिनं आढावा न घेता एकदम निष्कर्ष काढला."

त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत पाय ठेवायला जागा आहे, पण कोणता पाय ते विचारून ठेवावं लागतं. भिंतीला लागून खोकी. प्रत्येक खोक्यावर कागद चिकटवलेला: 'भोसलेकालीन', 'बीएनआर', 'पोलाद', 'जनगणना', 'संकीर्ण', 'संकीर्ण (महत्त्वाचे)'. लॅपटॉपात झोटेरो आहे, त्यात संदर्भ आहेत, संदर्भांना खुणा आहेत, आणि सगळ्यांत लोकप्रिय खूण आहे 'नंतर वाचणे'.

हे असं का झालं, ते कोणी विचारलं तर मी त्यांचीच बाजू घेईन. कारण या विषयाला तळ नाही. तुम्ही साधा प्रश्न विचारता, मराठी माणूस इकडे कधी आला? रेल्वेबरोबर, असं म्हणावं, तर बंगाल नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर, १८८७ची, आणि तिच्याही आधी नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज होतीच. मग रेल्वेआधी? तर १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली. पुढे बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरात राहून कारभार बघत होते. त्यानंतर सुभेदार. मग इंग्रज. नागपूरचा रेसिडेंट जेन्किन्स याने १८२७ साली नागपूरच्या राजाच्या मुलखावर मोठा अहवाल छापला. डॉक्टरसाहेबांकडे तो चार ठिकाणांहून उतरवून घेतलेला आहे. चारही प्रती सारख्याच आहेत का, हे तपासायचं काम 'नंतर वाचणे'मध्ये आहे.

एवढ्यावर माणूस थांबला असता. पण चरोद्याला लागून देवबलोदा आहे आणि तिथे कलचुरींच्या काळातलं शिवमंदिर आहे. स्थलांतराची पार्श्वभूमी द्यायची तर राज्य आधी कोणाचं होतं ते द्यायला नको का? म्हणून कलचुरी. कलचुरी म्हटलं की नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी, ज्यांनी कलचुरी-चेदि काळातल्या शिलालेखांचा भला थोरला ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला. तो वाचायचा तर ब्राह्मीपासूनची लिपी थोडी यायला हवी. म्हणजे मराठी माणसाला चरोद्यात आणण्यासाठी निघालेले डॉक्टरसाहेब हजारेक वर्षं मागे जाऊन एका दगडापाशी भिंग घेऊन बसले. तिथून परत येताना ग्रिअर्सनने अडवलं. त्याच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५चा, मराठीवर आहे आणि त्यात बस्तरची हळबी आहे. हळबी मराठीची कोण, बहीण की नुसती ओळखीची? हळबीतून बाहेर येईपर्यंत त्यांचे गाईड निवृत्त झाले.

शोधाच्या वाटेवर कधी कधी नशीबही थट्टा करतं. इंग्रजी अमदानीत आमच्या दुर्गचं नाव 'ड्रग' असं लिहीत. १९०६ साली जिल्हा झाला तो 'ड्रग डिस्ट्रिक्ट' आणि नेल्सनसाहेबाचं १९१०चं गॅझेटियरही त्याच नावाचं. डॉक्टरसाहेबांनी गूगल स्कॉलरवर उत्साहाने 'ड्रग' टाकलं. जगातली झाडून सगळी औषधं समोर आली. दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. हे दोन तास मधुमेहाच्या गोळ्यांविषयी वाचत बसले, कारण आप्पाजींना मधुमेह आहे. त्या रात्री आप्पाजींना जेवणानंतर गोळी मिळाली ती तीन संदर्भांसकट.

कुठे काही रंगायला लागलं की पुरावा मागणं हा त्यांचा दुसरा गुण. छत्तीसगडातल्या प्रत्येक मराठी घराण्याला वाटतं की आपला मूळ पुरुष बिंबाजी भोसल्यांबरोबर घोड्यावरून आला. गणपतीत कोणी तसं बोलून गेलं, की डॉक्टरसाहेब प्रसादाची वाटी खाली ठेवून विचारतात, "कागद आहे?" कागद नसतो. "मग आजोबा कशात होते?" रेल्वेत होते. "म्हणजे पॅसेंजरने आले." एकदा तर ते म्हणाले, "तुम्ही सगळे बिंबाजीबरोबर आला असाल, तर बिचाऱ्याच्या फौजेला रतनपुरात उभं राहायला जागा उरली नसेल." लोक चिडतात. पण वंशावळ लावायची असली, जुन्या मालगुजारीचा कागद वाचायचा असला, मोडी लागत नसली, की तेच लोक चपला काढून त्यांच्याच ओट्यावर बसतात. आणि डॉक्टरसाहेब आपलं वाचन बाजूला सारून दुपारभर दुसऱ्याच्या पणजोबांचा शोध घेतात. पैसे विचारले तर म्हणतात, "त्या कागदाची एक झेरॉक्स ठेवू का मी?"

अशानेच खोकी वाढतात.

एका वर्षी गणेशोत्सवात त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, विषय 'छत्तीसगडातील मराठी'. सुरुवात झकास झाली. माधवराव सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं ते हिंदीतून. गजानन माधव मुक्तिबोधही मराठी घरातले, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायचे आणि त्यांनी हिंदी कवितेला हादरे दिले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीतच लिहीत राहिले. सभा सरसावून बसली. आता हे म्हणणार तरी काय, इथल्या मराठी माणसाने हिंदीला दिलं आणि मराठीत काय ठेवलं? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "पण हे बोलण्याआधी साधनांविषयी थोडं." थोडं संपलं तेव्हा आरतीचं तबक फिरून गेलं होतं आणि पोरं मोदकांवरून भांडत होती.

विद्यापीठातही हेच. दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती सांगावी लागते. एका सदस्याने सरळ विचारलं, "तुमचा संशोधनप्रश्न काय आहे?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "त्यावरचं वाचन चालू आहे." त्यांनी लिहिलेली काही पानं तिथे साम्य तपासणाऱ्या यंत्रात घातली. नियम असा की दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. यांची पानं म्हणजे अवतरणांची रांगोळी. अमुक १९०५मध्ये असे म्हणतात, तमुक १९१०मध्ये तसे म्हणतात, तर फलाणे १९५५मध्ये त्यापुढे जाऊन म्हणतात. अवतरणं वगळून पाहिलं तर डॉक्टरसाहेबांचं स्वतःचं एकच वाक्य हाती लागलं: 'याविषयी अधिक वाचन आवश्यक आहे.' त्यात साम्य शून्य होतं, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

आता गंमत बघा. आढावा कसा घ्यावा हे याच माणसाइतकं नेटकं सांगणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. आमच्याच कॉलनीतली एक मुलगी बचत गटांवर पीएच.डी. करत होती. शोधगंगेवरून ढीगभर प्रबंध उतरवून रडायच्या बेतात त्यांच्याकडे आली. डॉक्टरसाहेबांनी आधी तिला चहा दिला, मग कोरा कागद दिला. म्हणाले, "प्रश्न एका ओळीत लिही. दोन ओळी लागल्या तर तो प्रश्न नाही, ती भीती आहे." ओळ झाली, ती भिंतीला लावली. मग सांगितलं की लेख पहिल्या अक्षरापासून वाचायचा नसतो. आधी सारांश, मग शेवट, मग त्याने हे कशावरून ठरवलं ते. तुझ्या ओळीशी नातं लागलं तरच पूर्ण वाचायचा, नाहीतर नमस्कार करून बाजूला. चांगला लेख सापडला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जायचं आणि त्याला पुढे कोणी उद्धृत केलंय ते बघत पुढे यायचं. तक्ता करायचा: कोण, कधी, कुठल्या गावात, कोणत्या पुराव्यावर, काय म्हणतो, आणि काय म्हणायचं राहिलं. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवलास तर बाकीचे रकाने फुकट गेले. लिहिताना माणसांची हजेरी घ्यायची नाही, भांडणं मांडायची. बचत गटाने बाईच्या हातात पैसा येतो असं म्हणणारे एकीकडे बसव, कर्ज तिच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या खिशात म्हणणारे दुसरीकडे, आणि मग तू मधे उभी राहून विचार की माझ्या दुर्ग जिल्ह्यात काय होतं?

"आणि थांबायचं कधी, सर?"

"नवा लेख उघडला आणि त्यात सगळी ओळखीचीच नावं भेटली, की थांबायचं. लग्नात तिसऱ्यांदा तेच काका भेटले की आपण निघतो ना, तसं."

मुलगी हसली, मग चाचरत म्हणाली, "सर, तुमचं मग...?"

"माझा विषय वेगळा आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले.

जगातल्या प्रत्येक अपुऱ्या प्रबंधाच्या कर्त्याने हे वाक्य उच्चारलेलं आहे, आणि प्रत्येकाला ते खरंच वाटलेलं आहे. मुलगी यथावकाश डॉक्टर झाली, पेढे घेऊन आली. डॉक्टरसाहेबांचे डोळे भरून आले. तिचा प्रबंध त्यांनी रात्रीतून वाचून काढला आणि सकाळी फोन केला, "दुसरं प्रकरण फार सुंदर झालंय. फक्त एक संदर्भ राहिला."

घरात यावर बोलणी होतात. वहिनी शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्यांना वर्षं मोजता येतात. नियमाप्रमाणे सहा वर्षं, पुन्हा नोंदणी केली तर वर दोन. डॉक्टरसाहेब सरळ भांडारकर संस्थेचा आधार घेतात. "महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ला सुरू झालं, १९६६ला पुरं झालं. बाराशे एकोणसाठ हस्तलिखितं जमवली त्यांनी! सत्तेचाळीस वर्षं!"

"जमवली आणि छापली नं," वहिनी म्हणतात. "एकोणीस खंड काढले. तुम्ही एक प्रकरण काढा."

मग राजवाडे येतात. गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणारे, खाण्यापिण्याची शुद्ध नसलेले इतिहासाचार्य राजवाडे. वहिनींचं त्यावर उत्तर असं की त्यांनीही बावीस खंड काढले, आणि त्यांच्या घरी कूलर आणायचा नव्हता.

खरा घाव मात्र आप्पाजींचा. आप्पाजी बीएमवायचे निवृत्त यार्ड मास्तर. फार बोलत नाहीत. एका संध्याकाळी जावयाच्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी सगळी खोकी नजरेने मोजली आणि म्हणाले, "यार्डात डबे राहायला नाही येत, बाप्पा. कुठून आला ते एक डाव बघायचं, कुठं जायचा ते बघायचं, त्या लायनीत टाकायचा. लायन भरली, की गार्डाचा डबा लावून रेक सोडून द्यायचा. तुम्ही तर नुसते घेतच राहिले. आता इंजिनालेच आत यायले जागा नाही."

डॉक्टरसाहेब क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, लागलं. पण त्यांनी वही काढली. "आप्पाजी, शंटिंगची काही छापील नियमावली असायची का?"

दुसऱ्या दिवसापासून एक नवं खोकं लागलं, 'यार्ड'. आठवडाभर वाचून ते विजयी मुद्रेने आले. म्हणाले, "आप्पाजी, तुमचं म्हणणंच जुनं झालं. सुटे डबे जुळवत बसायची ती पद्धत १९८० नंतर रेल्वेनंच मागे टाकली! आता एका मालाचा अख्खा रेक निघतो, इकडून तिकडे थेट."

आप्पाजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "अन् टाकली काहून?"

"काहून?"

"डबे अडकून पडायचे म्हणून."

त्यानंतर दोन दिवस डॉक्टरसाहेब आढ्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन देवबलोद्याला गेले. त्या देवळाचं शिखर पूर्ण नाही. सहा महिन्यांच्या एका रात्रीत देऊळ बांधत होते आणि ते अर्धंच राहिलं, अशी तिथली गोष्ट. डॉक्टरसाहेब भिंतीवरच्या हत्तींकडे बघत म्हणाले, "अपूर्ण आहे, पण महाशिवरात्रीला जत्रा भरतेच ना?" मी म्हटलं, भरते, पण त्यांनी गाभारा तरी पुरा केला होता. परतताना ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी कोरा कागद काढला आणि भिंतीला एक ओळ लावली. ओळ एकच आहे, मी वाचली आहे, आणि प्रश्न चांगला आहे: इथे आलेल्या मराठी घरांनी घरात कोणती भाषा ठेवली, आणि ती कोणी ठेवली, आईने की बापाने?

तेव्हापासून कलचुरींचं खोकं माळ्यावर गेलंय. हळबी कपाटामागे. रोज सकाळी खोलीतून टाइप केल्याचा आवाज येतो, आणि वहिनी तो ऐकू यावा म्हणून मिक्सर उशिरा लावतात. नव्या गाईडबाईंनी मार्चअखेरची तारीख दिली आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी आजोबांचं बीएनआरचं सर्व्हिस बुक असेल, पणजीने रायपूरहून नागपूरला लिहिलेली कार्डं असतील, बिंबाजीच्या सहीचा खराखुरा कागदसुद्धा असेल, तर तो जपून ठेवा, वाळवी लागू देऊ नका. पण कृपा करून मार्च संपेपर्यंत चरोद्याला कळवू नका.